गतीच्या दुसऱ्या नियमाची घडण

एखादा सिद्धान्त शाळेंतील मुलांच्या तोंडीं बसला म्हणजे त्याच्यामागील श्रम लोकांच्या स्मरणांतून निघून जातात. वस्तूवर जितकें बल अधिक लावावें तितकें तिचें त्वरण अधिक, आणि वस्तूचें वस्तुमान जितकें अधिक तितकें तें त्वरण कमी, हा नियम आज पाठ्यपुस्तकांत एका ओळींत मावतो. त्या ओळीशेजारीं न्यूटनचें नांव व १६८७ हा सन दिलेला असतो. ज्यानें ती ओळ पाठ केली त्याला असें वाटतें कीं, हा नियम एका पुरुषाच्या बुद्धींतून एका वर्षीं पूर्णरूपानें बाहेर पडला. वस्तुस्थिति तशी नाहीं. बल, वस्तुमान आणि त्वरण ह्या तीन कल्पनांपैकीं प्रत्येकीस स्वतःचा निराळा इतिहास आहे. त्यांतील वस्तुमानाची कल्पना तर स्पष्टपणें हातीं येण्यास दोन हजार वर्षें लागलीं. आणि ज्या रूपांत आपण हा नियम आज म्हणतों, तें रूप न्यूटनच्या ग्रंथांत आढळतच नाहीं.

हा इतिहास सांगण्याचें प्रयोजन नुसतें कुतूहल नव्हे. आपल्याकडे ह्या नियमाविषयीं दोन प्रकारच्या समजुती प्रचलित आहेत. एक वर्ग सर्व श्रेय न्यूटनच्या पदरांत टाकून मोकळा होतो. दुसरा वर्ग तेंच श्रेय कणादमुनींच्या किंवा प्रशस्तपादाचार्यांच्या पदरांत टाकून तितकाच मोकळा होतो. दोघांनाहि ज्ञान म्हणजे एखाद्या पुरलेल्या ठेव्यासारखी अवचित सांपडणारी वस्तु वाटते. परंतु तें ज्ञान कोणत्या अडचणींत सांपडून व कोणता प्रश्न बदलून घडत गेलें, हें पाहिलें म्हणजे दोन्ही समजुतींतील उणीव आपोआप दिसूं लागते.

प्रारंभ आपल्या रोजच्या अनुभवापासून करूं. बैल ओढीत आहेत तोंवर गाडी चालते. ते थांबले कीं तीहि थोड्याच अंतरावर थांबते. ह्यावरून कोणीहि शहाणा मनुष्य असेंच अनुमान काढील कीं, गतीला सतत कारण लागतें, आणि कारण वाढविलें म्हणजे वेग वाढतो. ॲरिस्टॉटलनें (ख्रिस्तपूर्व ३८४ ते ३२२) हेंच अनुमान नियमाच्या भाषेंत मांडलें. जें बल एखाद्या वस्तूस ठराविक काळांत ठराविक अंतर नेतें, तेंच बल अर्ध्या वस्तूस तेवढ्याच काळांत दुप्पट अंतर नेईल, असें तो म्हणतो. तो डोळस निरीक्षक होता. म्हणून पुष्कळ माणसांनीं मिळून ओढलेलें जहाज एकटा मनुष्य त्या प्रमाणांत थोडें तरी हलवीलच असें नाहीं, कदाचित् तो तें मुळींच हलवूं शकणार नाहीं, हेंहि त्यानें नमूद करून ठेवलें. ह्या अपवादांत घर्षणाचा सगळा प्रश्न दडलेला होता. पण तो उकलण्यास फार काळ जावयाचा होता.

ह्या विचारसरणीची खरी अडचण धनुष्यापासून सुटलेल्या बाणानें उघडी केली. गतीला सतत कारण लागतें, तर प्रत्यंचा सुटल्यावर बाणास कोण ढकलतें? भोंवतालची हवा, असें ॲरिस्टॉटलचें उत्तर होतें. सहाव्या शतकांत अलेक्झांड्रिया येथील फिलोपोनस ह्या भाष्यकारानें ह्या उत्तराची भर ग्रंथांत थट्टा केली. हवाच जर वस्तूस नेत असेल, तर धनुष्याची गरज काय? मागून असंख्य भात्यांनीं वारा घातला तरी दगड तसूभरहि पुढें जाणार नाहीं! त्याच्या मतें फेंकणारा मनुष्य फेंकलेल्या वस्तूंतच एक शक्ति घालतो, आणि ती संपेपर्यंत वस्तु जात राहते. त्यानेंच असेंहि लिहून ठेवलें आहे कीं, वजनांत पुष्कळ अंतर असलेल्या दोन वस्तू एकाच उंचीवरून सोडल्या असतां त्यांच्या पडण्याच्या काळांत अगदीं अल्प फरक पडतो. चौदाव्या शतकांत पॅरिस येथें बुरिदान ह्यानें ह्या अंतःस्थ शक्तीस मापाचें रूप देण्याचा यत्न केला: वस्तूंत द्रव्य जितकें अधिक व वेग जितका अधिक, तितकी ही शक्ति अधिक, आणि विरोध झाला नाहीं तर ती टिकून राहील.

बाणाचा हाच प्रश्न आपल्या वैशेषिकांसहि पडला होता, आणि त्यांचें उत्तर वाचकांनीं लक्ष देऊन पाहण्याजोगें आहे. वैशेषिक सूत्रांच्या पांचव्या अध्यायांत असें प्रतिपादन आहे कीं, बाणाची पहिली गति प्रत्यंचेच्या नोदनानें म्हणजे ढकलण्यानें उत्पन्न होते. त्या गतीपासून बाणांत संस्कार उत्पन्न होतो, आणि पुढची गति त्या संस्कारामुळें चालते. संस्कार संपला म्हणजे गुरुत्वामुळें बाण खालीं पडतो. ह्या संस्कारालाच पुढें प्रशस्तपादानें ‘वेग’ म्हटलें आहे. हें विवेचन सूक्ष्म आहे, आणि फिलोपोनसच्या विचाराशीं त्याचें साम्य आश्चर्यकारक आहे. मात्र त्यांत न्यूटनचे नियम सांगितले आहेत असें अलीकडे जें वारंवार लिहिलें जातें, तें टिकण्यासारखें नाहीं. वैशेषिकांचा वेग हा पदार्थाचा एक गुण होय. तो पृथ्वी, आप, तेज व वायु ह्यांत राहतो, तसाच मनांतहि राहतो, हें ‘तर्कसंग्रह’ शिकलेल्या कोणासहि ठाऊक आहे. त्या गुणाचें द्रव्याच्या परिमाणाशीं कांहीं गणिती प्रमाण तेथें सांगितलेलें नाहीं, व वेगांत दर क्षणास पडणाऱ्या फरकाचा विचारहि नाहीं. पदार्थांचें वर्गीकरण करून कोणतें कार्य कोणत्या गुणाचें, हें निश्चित करावें, हा त्या आचार्यांचा हेतु होता. आणि तो त्यांनीं उत्तम रीतीनें साधला. त्यांनीं न विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर त्यांच्या माथीं मारल्यानें त्यांचा गौरव होत नाहीं. उलट त्यांनीं जें खरोखर साधलें तें वाचलेंच जात नाहीं.

ॲरिस्टॉटल, फिलोपोनस, वैशेषिक, बुरिदान, ह्या सर्वांचीं उत्तरें निरनिराळीं असलीं तरी प्रश्न एकच होता: वस्तूस चालत कोण ठेवतें? नियमाचा मार्ग मोकळा झाला तो हा प्रश्नच बदलल्यावर.

हा बदल मुख्यतः गॅलिलिओच्या हातून झाला. पडणारी वस्तु इतक्या त्वरेनें पडते कीं, त्या काळच्या साधनांनीं तिचें मोजमाप करणें अशक्य होतें. म्हणून त्यानें उतरत्या फळीवर खोबण करून तींतून पितळेची गोळी सोडली आणि पडण्याची क्रिया मंद करून घेतली. वेळ मोजण्यासाठीं त्यानें मोठ्या भांड्यांतून बारीक धारेनें पाणी वाहूं देऊन तें पाणी तोलून पाहिलें. काळ दुप्पट तर अंतर चौपट, काळ तिप्पट तर अंतर नऊपट, असें प्रमाण त्यास आढळलें. हे प्रयोग आपण शंभर शंभर वेळां केले असें तो सांगतो. हें प्रमाण हातीं आल्यावरहि त्याचा अर्थ त्यास लगेच लागला नाहीं. १६०४ सालच्या एका पत्रांत वेग हा पडलेल्या अंतराच्या प्रमाणांत वाढतो, असें चुकीचें तत्त्व त्यानें गृहीत धरलेलें आहे. वेगाची वाढ अंतराशीं न जोडतां काळाशीं जोडावयाची, समान काळांत वेगाची समान वाढ, हा विचार त्यास नंतर सुचला. आणि आज ज्यास आपण त्वरण म्हणतों त्या कल्पनेचा पाया ह्या विचारांत आहे. हें सर्व ज्या ग्रंथांत ग्रथित झालें तो ‘दोन नव्या शास्त्रांविषयीं’चा ग्रंथ १६३८ सालीं हॉलंडमधील लायडेन येथें छापला गेला, त्या वेळीं धर्मपीठाच्या शिक्षेमुळें गॅलिलिओ आर्चेत्री येथें स्वतःच्या घरांत बंदिवासांत होता व त्याची दृष्टि गेली होती.

ह्याच ग्रंथांत असेंहि तत्त्व आहे कीं, सपाट व अडथळा नसलेल्या पृष्ठावर चालणारी वस्तु तशीच चालत राहील. देकार्तनें १६४४ मध्यें तें अधिक नेमकें केलें: मोकळी सोडलेली वस्तु सरळ रेषेंतच जाऊं पाहते. आतां बाणास कोण ढकलतें हा प्रश्नच उरला नाहीं. समवेगानें सरळ रेषेंत चालणाऱ्या वस्तूस कारण नको. कारण लागतें तें वेग वाढतांना, घटतांना किंवा त्याची दिशा पालटतांना. बैलगाडी थांबते ती बैलांचें बल संपल्यामुळें असें वाटतें. वास्तविक आंस व चाकें ह्यांचें घर्षण हें दुसरें बल तिला थांबवीत असतें, आणि एका चालीनें जाणाऱ्या गाडीचे बैल आपला सारा जोर त्या घर्षणाशीं झुंजण्यांतच खर्च करीत असतात.

परंतु एक गांठ अद्यापि सुटावयाची होती. जड दगडास पृथ्वी अधिक ओढते, हलक्यास कमी. मग दोघेहि जवळजवळ एकाच त्वरणानें कां पडतात? ह्याचें उत्तर देण्यास वजनाहून निराळा असा वस्तूचा दुसरा एक धर्म मानावा लागतो. ज्या प्रमाणांत ओढ अधिक त्याच प्रमाणांत त्या वस्तूचा गति बदलण्यास होणारा विरोधहि अधिक असेल, तरच दोन्ही दगड बरोबर पडतील. हा विरोधाचा धर्म म्हणजे वस्तुमान. आपल्या भाषेंत आजहि बाजारांत व घरांत ‘वजन’ हा एकच शब्द दोन्ही अर्थांनीं चालतो. तेव्हां सतराव्या शतकांतील विद्वानांस हा भेद सहज दिसला नाहीं ह्यांत नवल नाहीं.

हा भेद प्रत्यक्ष दाखविणारी एक घटना १६७२ सालीं घडली. झां रिशेर हा फ्रेंच ज्योतिषी आकाशाचे वेध घेण्यासाठीं विषुववृत्ताजवळील केयेन येथें गेला. पॅरिसमध्यें बरोबर चालणारें त्याचें लंबकाचें घड्याळ तेथें दिवसास सुमारें अडीच मिनिटें मागें पडूं लागलें, आणि सेकंदाचा ठोका देणारा लंबक जवळजवळ तीन मिलिमीटरांनीं आंखूड करावा लागला. लंबकाचें द्रव्य तेंच होतें. कणभरहि कमी झालें नव्हतें. कमी झाली होती ती पृथ्वीची त्यावरील ओढ. अर्थात् वजन स्थलानुसार बदलतें, व न बदलणारें असें दुसरें कांहीं तरी वस्तूंत असतें.

ह्या पार्श्वभूमीवर न्यूटनचें काम पाहिलें म्हणजे त्याची थोरवी कमी न होतां अधिक स्पष्ट होते. १६८४ च्या ऑगस्टमध्यें एडमंड हॅली त्याला केंब्रिज येथें भेटला व ग्रहांच्या कक्षांविषयीं त्यानें त्यास प्रश्न विचारला. त्या प्रश्नापासून निघालेला ‘प्रिन्सिपिया’ हा ग्रंथ हॅलीच्याच खर्चानें १६८७ सालीं प्रसिद्ध झाला. त्याची पहिलीच व्याख्या द्रव्याच्या परिमाणाची म्हणजे वस्तुमानाची आहे. पुढें, वस्तुमान व वजन हीं निराळीं असूनहि एकमेकांच्या अचूक प्रमाणांत असतात, हें त्यानें प्रयोगानें पाहिलें. त्यानें सारख्या दोन लांकडी पेट्या अकरा अकरा फुटांच्या दोऱ्यांनीं टांगल्या; एकींत लांकूड भरलें व दुसरींत तेवढ्याच वजनाचें सोनें ठेविलें. सोन्याच्या जागीं क्रमाक्रमानें रुपें, शिसें, कांच, वाळू, मीठ, पाणी व गहूं घालून पाहिले. प्रत्येक वेळीं दोन्ही पेट्या दीर्घकाळ बरोबरीनें झुलत राहिल्या. ओढ आणि विरोध ह्यांचें प्रमाण सोन्यांत एक व गव्हांत दुसरें असतें, तर दोन झोके लवकरच एकमेकांपासून फुटले असते. हजारांत एका भागाचाहि फरक असता तर तो ह्या प्रयोगांत दिसला असता, असें तो म्हणतो. गॅलिलिओच्या वेळची गांठ ती हीच. ती येथें सुटली.

त्याचा दुसरा नियम मात्र आजच्या ओळीहून निराळा आहे. गतींत होणारा बदल लावलेल्या बलाच्या प्रमाणांत असतो व त्या बलाच्याच दिशेनें होतो, एवढाच त्याचा आशय आहे. येथें ‘गति’ म्हणजे वस्तुमान व वेग ह्यांचा गुणाकार. त्वरण हा शब्द त्यांत नाहीं. काळाचा उल्लेख नाहीं. बीजगणिताचें समीकरण तर नाहींच, कारण सर्व ग्रंथ भूमितीच्या पद्धतीनें रचिलेला आहे. शिवाय पहिल्या दोन नियमांच्या साहाय्यानें गॅलिलिओनें पतनाचें प्रमाण शोधून काढलें, असें सांगून न्यूटननें आपल्या पूर्वसूरीचें ऋण उघडपणें मान्य केलें आहे.

भूमितीच्या पोशाखांतून हा नियम बाहेर काढण्याचें काम युरोपखंडांतील गणितज्ञांनीं केलें. १७१६ मध्यें याकोब हेर्मान ह्यानें वजन, वस्तुमान, वेगाचा अल्पसा बदल व काळाचा अल्पसा अंश ह्यांचा संबंध कलनशास्त्राच्या चिन्हांत लिहिला. ऑयलरनें १७५० सालीं बर्लिनच्या विद्वत्परिषदेपुढें ‘यंत्रशास्त्राचें एक नवें तत्त्व’ म्हणून एक निबंध मांडला. तो १७५२ मध्यें छापला गेला. त्यांत परस्परांशीं काटकोन करणाऱ्या तीन दिशांत बलाचे भाग पाडून प्रत्येक दिशेस स्वतंत्र समीकरण दिलें आहे, आणि वस्तूच्या प्रत्येक सूक्ष्म कणास हें तत्त्व लावावें असें सांगितलें आहे. न्यूटननंतर ६३ वर्षांनीं ऑयलरसारख्या गणितज्ञानें ह्या तत्त्वास ‘नवें’ म्हणावें, ह्यांत गर्व नव्हता; एका कणाचा नियम फिरत्या भोंवऱ्याला, वाहत्या पाण्याला व पृथ्वीच्या डोलणाऱ्या अक्षाला लावतां येणें ही वस्तु खरोखरच नवी होती. ह्याच सुमारास एमिली द्यु शातले ह्या विदुषीनें ‘प्रिन्सिपिया’चें फ्रेंच भाषांतर टीपांसह सिद्ध केलें, तें तिच्या मृत्यूनंतर १७५९ मध्यें संपूर्ण छापलें गेलें.

समीकरण झालें, तरी तें विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढें मांडावयाचें राहिलें होतें. तें काम केंब्रिज येथील जॉर्ज ॲटवुड ह्यानें केलें. आपल्या यंत्राचें वर्णन त्यानें १७८४ मध्यें प्रसिद्ध केलें. यंत्र अगदीं साधें आहे. एका हलक्या, सुरळीत फिरणाऱ्या कप्पीवरून दोरा सोडून त्याच्या दोन्ही टोंकांस वजनें बांधावयाचीं. आजच्या मापांत सांगावयाचें तर एका बाजूस ५०५ व दुसऱ्या बाजूस ४९५ ग्रॅम बांधावें. हलणारें वस्तुमान एकूण १००० ग्रॅम, परंतु हलविणारें बल केवळ १० ग्रॅम वजनाचें. अशा वेळीं त्वरण मोकळ्या पतनाच्या शंभराव्या हिश्श्याएवढें म्हणजे सुमारें ९.८ सेंटिमीटर होतें. पहिल्या सेकंदांत वजन जेमतेम ४.९ सेंटिमीटर खालीं उतरतें व तें डोळ्यांनीं सावकाश पाहतां येतें. आतां ५ ग्रॅम एका बाजूचे काढून दुसऱ्या बाजूस घालावे. ५१० व ४९० झाले, एकूण वस्तुमान तेंच राहिलें, बल दुप्पट झालें. त्वरणहि दुप्पट, म्हणजे १९.६. उलट १००५ व ९९५ ग्रॅम बांधावें. बल पहिल्याइतकेंच, वस्तुमान दुप्पट. त्वरण निम्में, म्हणजे ४.९. बल व वस्तुमान ह्यांचीं त्वरणावरील दोन निराळीं कार्यें अशा रीतीनें एकमेकांपासून सोडवून दाखवितां येतात.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ह्या नियमाची तत्त्वज्ञांकडून झडती झाली. अर्न्स्ट माख ह्यानें १८८३ च्या आपल्या ग्रंथांत असा आक्षेप घेतला कीं, न्यूटनची वस्तुमानाची व्याख्या घनता व आकारमान ह्यांवर रचिलेली आहे, आणि घनता म्हणजे काय हें सांगण्यास पुनः वस्तुमानच लागतें. तेव्हां ही व्याख्या स्वतःच्याच शेपटाभोंवतीं फिरते. त्याऐवजीं दोन वस्तू परस्परांस जीं त्वरणें देतात त्यांच्या प्रमाणावरून वस्तुमान ठरवावें, असें त्यानें सुचविलें. पुढें १९०५ मध्यें आइन्स्टाइननें असें दाखविलें कीं, प्रकाशाच्या वेगाजवळ जाणाऱ्या वस्तूस बल लावीत गेलें तरी तिचें त्वरण त्या प्रमाणांत होत नाहीं व ती प्रकाशाचा वेग कधींच गांठीत नाहीं. त्या प्रदेशांत पाठ्यपुस्तकांतील ओळ लागू पडत नाहीं. पण ‘गतीच्या परिमाणांतील बदल बलाच्या प्रमाणांत’ हें न्यूटनचें मूळचें वचन, त्या परिमाणाचें सूत्र सुधारून घेतलें असतां, तेथेंहि टिकतें. न्यूटनला हें दिसलें होतें असें म्हणणें म्हणजे पुनः तीच चूक करणें होईल. त्याच्या शब्दयोजनेंत ही जागा राहिली होती, इतकेंच म्हणावें.

त्या लांकडी पेट्यांचा प्रयोगहि संपलेला नाहीं. हंगेरीच्या इओट्वोशनें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पीळ घेणाऱ्या तारेच्या तराजूनें तो कितीतरी सूक्ष्म केला. आइन्स्टाइननें ओढ व विरोध ह्यांच्या ह्या समतेवरच आपल्या गुरुत्वविषयक उपपत्तीची उभारणी केली. आणि फ्रान्सनें २०१६ मध्यें सोडलेल्या ‘मायक्रोस्कोप’ नामक उपग्रहावर प्लॅटिनम व टायटॅनियम ह्यांच्या मिश्रधातूंची तुलना होऊन २०२२ सालीं अंतिम निर्णय प्रसिद्ध झाला: एकावर पंधरा शून्यें दिल्यानें होणाऱ्या संख्येंतील कांहीं थोड्या भागांइतक्या सूक्ष्मतेपर्यंत दोहोंत फरक आढळला नाहीं.

वस्तुमान व वजन हा भेद केवळ विद्वानांच्या वादाचा आहे असें ज्यांस वाटत असेल, त्यांनीं १९७३ सालच्या ‘स्कायलॅब’ ह्या अवकाशस्थानकाकडे पाहावें. तेथें महिनोन् महिने राहणाऱ्या माणसांचीं शरीरें झिजतात किंवा काय, हें वैद्यांस जाणून घ्यावयाचें होतें. पण तेथें तराजू निरुपयोगी, कारण कोणाचेंच वजन भरत नाहीं. म्हणून स्प्रिंगांवर झुलणारी एक खुर्ची नेण्यांत आली. तींत बसलेल्या माणसाचे झोके जितके मंद, तितकें त्याचें वस्तुमान अधिक. पृथ्वीची ओढ जेथें जाणवत नाहीं तेथेंहि शरीराचा गति बदलण्यास होणारा विरोध कायम होता, आणि त्या विरोधावरूनच माणूस किती झिजला हें कळलें. आपल्या वाण्याच्या दुकानांत हा भेद न पाळल्यानें कोणाचें नुकसान होत नाहीं, ह्याचें कारणहि न्यूटनच्या पेट्यांनींच सांगितलें आहे: एका जागीं वजन व वस्तुमान हीं सोन्याला आणि गव्हाला एकाच प्रमाणांत असतात.

एवढ्या हातांतून गेलेल्या ह्या नियमास न्यूटनचें नांव राहण्यास कोणाची हरकत नसावी. सर्व धागे एकत्र वळून त्यांचा दोर त्यानेंच केला, व त्या दोरानें चंद्र आणि फळ हीं एकत्र बांधिलीं. मात्र शिकविणाऱ्यानें ती ओळ फळ्यावर लिहितांना विद्यार्थ्यांस इतकें तरी सांगावें कीं, गाडीला चालतें कोण ठेवतें असा प्रश्न जोंवर विचारला जात होता, तोंवर अलेक्झांड्रिया, पॅरिस व भारत येथील तीक्ष्ण बुद्धीच्या माणसांसहि ह्या नियमाची वाट सांपडली नाहीं. जो विद्यार्थी आज तोच प्रश्न विचारील, त्याला मंद म्हणूं नये. तो मोठ्या सोबत्यांच्या मेळ्यांत उभा आहे, आणि तेथून पुढचें पाऊल त्याच्याकडून टाकवून घेणें हेंच शिक्षकाचें काम आहे.